तीन मिलिमीटरचा समुद्र

काका दिवसातून एकदाच जेवायचे. कारण विचारलं की भिंतीवरच्या नकाशाकडे बोट करायचे. "त्या आखातात बऱ्याच किनाऱ्यांवर भरती चोवीस तासांत एकदाच येते. काही अडलंय का त्याचं? आपला मुंबईचा समुद्र दोनदा येतो. अधाशी!" एवढं सांगून झालं की ताटातला शेवटचा दहीभात बोटांनी नीट गोळा करून खायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त चहावर राहायचे.

ते आखात म्हणजे कार्पेंटारियाचं. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या माथ्यावर, जरा उजव्या अंगाला, भाकरीचा घास तोडून घेतल्यासारखा तुकडा गेलेला दिसतो, ते. काका तिथे कधीच गेले नव्हते. त्यांचा सर्वांत लांबचा समुद्रप्रवास भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंतचा, आणि तेवढ्यातही त्यांना उलटी झाली होती. हे त्यांनी मला आपणहून सांगितलं होतं, वर तारीखसुद्धा.

मी त्यांना भेटले तेव्हा मिनियापोलिसला सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये एमएस करत होते. मूळची नागपूरची. काका जवळच्याच ईडन प्रेरीला मुलाकडे राहायचे. काकू गेल्यानंतर मुलाने डोंबिवलीची जागा बंद करून त्यांना इकडे आणलं होतं. मुलाच्या घराच्या तळघरात त्यांची खोली होती, आणि खोलीत एकच नकाशा. त्या भागातल्या महाराष्ट्र मंडळाची दर रविवारी मुलांसाठी मराठी शाळा भरायची, तिथे काका शिकवायचे. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि माझ्याकडे खटारा का होईना पण गाडी होती, म्हणून मंडळाने मला त्यांच्या दिमतीला दिलं. मला वाटलं होतं, एखाद-दोन महिन्यांचं काम असेल. पहिल्याच दिवशी गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं, "नागपूरची का तू? म्हणजे तुझा समुद्र फुटाळा तलाव." मी चिडले. ते खूश झाले.

काकांची नोकरी काय होती हे मला समजायला तीन रविवार लागले. मुंबईत फोर्ट भागात एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं समुद्राचे नकाशे दुरुस्त केले. जहाजं निघायच्या आधी त्यांचे नकाशे काकांच्या टेबलावर यायचे. दर आठवड्याला जगभरातून सूचनांची पुस्तिका यायची: अमुक बंदरातला दिवा बंद, तमुक ठिकाणी वाळूचा बांध सरकला, खोली नऊऐवजी आठ. काका बारीक टाकाने, जांभळ्या शाईने ती दुरुस्ती नकाशावर उतरवायचे. जुना आकडा खोडून काढायचा नाही, त्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे आधी काय समजत होतो तेही वाचता यावं. मग नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सूचनेचा क्रमांक लिहायचा. एकतीस वर्षांत त्यांनी जगातले सगळे समुद्र असे खुर्चीत बसून सुधारले.

निवृत्त झाल्यावर टाक सुटला नाही. मंडळाचं वार्तापत्र हातात पडलं की ते जांभळं होऊन परत जायचं. सुनेने फ्रिजवर लावलेली सामानाची यादी जांभळी. माझा रेझ्युमे बघायला मागितला, आणि जिथे मी एका सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स्पर्ट' असल्याचं लिहिलं होतं तिथे सरळ रेघ मारून बाजूला 'मोजले कोणी?' असं लिहिलं. खाली डाव्या कोपऱ्यात तारीख. मी तो रेझ्युमे पुन्हा टाइप केला, 'एक्स्पर्ट' काढून. नोकरी मिळाली हे सांगायला हरकत नाही.

सगळे समुद्र हाताखालून गेले, मग एवढा जीव त्या एका आखातावर का? मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "खोल पाण्यात कोणीही शहाणा होतो. तिथे पन्नास मीटर चुकलं तरी कोणाचं काही वाकडं होत नाही. उथळ पाण्यात एक मीटर चुकला की जहाज चिखलात." आणि मग त्यांनी कप्तानाची हकीकत सांगितली. त्यांच्या कंपनीचं एक जहाज त्या आखातातल्या खनिजाच्या बंदराला गेलं होतं. बंदराच्या वाटेवर एका बांधावरची खोली काकांनी आदल्या आठवड्यातच एक मीटरने कमी केली होती. कप्तान भरतीसाठी थांबला. भरती दिवसातून एकदाच, म्हणजे अख्खा दिवस वाया. त्याच्या मागून आलेलं दुसऱ्या कंपनीचं जहाज थांबलं नाही, आणि चार दिवस रुतून बसलं. मुंबईला परतल्यावर कप्तान चार जिने चढून कचेरीत आला आणि त्याने विचारलं, ही जांभळी शाई कोणाची? "त्याने माझा हात हातात घेतला," काका म्हणाले. "हात धरून उभा राहिला." निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी काय हवं म्हणून विचारलं तेव्हा काकांनी तोच, आता रद्द झालेला नकाशा मागून घेतला. चांदीचा गणपती दुसऱ्या कोणाला तरी मिळाला.

आता हे गृहस्थ मुलांना मराठी शिकवणार म्हणजे काय शिकवणार? आखात! 'क' कार्पेंटारियाचा, 'ख' खाजणाचा, 'ग' गाळाचा. वर्गात नऊ मुलं होती. सगळी तिथेच जन्मलेली, प्रश्न मराठीत विचारला तर उत्तर इंग्रजीत देणारी. काकांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. ते आपले मराठीत बोलत राहायचे. वर्गाची सुरुवात प्रार्थनेने होत नसे. फळ्यावर ते लिहायचे, 'मागील रविवारच्या दुरुस्त्या', आणि खाली स्वतःच्या चुका. 'मगरी गोड्या पाण्यातच राहतात असे मी म्हणालो. चूक. तिथल्या मोठ्या मगरी खाऱ्या पाण्यातही राहतात.' आपल्या शिक्षकाला दर आठवड्याला चुकताना पाहून मुलं बेहद्द खूश व्हायची. मला वाटतं, ती बहुधा त्यासाठीच यायची.

एका मुलाच्या पुस्तकात 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण निघाली तेव्हा तर काका अक्षरशः दुखावले गेले. त्यांनी नऊच्या नऊ पुस्तकांत त्या म्हणीवर रेघ मारली. "मुखाशी सहाशे किलोमीटर रुंद, आत सातशे किलोमीटर लांब, आणि सर्वांत खोल जागी सत्तरेक मीटर. किनाऱ्यापासून तीनशे किलोमीटर आत चालत जा, तेव्हा कुठे सत्तर मीटर उतरशील. आवाज ऐकला का कोणी त्याचा?"

पालकांनी मात्र आवाज केला. शाळेच्या प्रमुख वैशालीताई होत्या. स्वभावाने सरळ, कामाला वाघ, आणि त्यांची तेरा वर्षांची ईशा काकांच्याच वर्गात होती. ऑक्टोबरात त्यांनी काकांना आणि मला बोलावून घेतलं. "काका, राग मानू नका. पण पालक मला विचारतायत. पोरांना शिवाजी महाराज माहीत नाहीत, चैत्र-वैशाख माहीत नाही, आणि कुठल्या तरी चिखलाचा उतार तोंडपाठ! कालच एक जण म्हणाला, मुलगा आजीशी फोनवर गाळाबद्दल बोलला. आजी घाबरली."

"मराठीत बोलला?" काकांनी विचारलं.

वैशालीताई म्हणाल्या, "तो मुद्दा नाहीये, काका." मुद्दा हा होता की डिसेंबरमध्ये वार्षिक कार्यक्रम होता. त्यात प्रत्येक वर्गाने काहीतरी करून दाखवायचं. काकांच्या वर्गाचं पालकांना पटलं नाही, तर जानेवारीपासून वर्ग बंद आणि मुलांना घरी मराठीच्या धड्यांची सीडी.

परत जाताना काका म्हणाले, "मुलाने जानेवारीचं तिकीट काढून ठेवलंय माझं. त्याला वाटतं मला इथे कंटाळा येतो. वर्ग असला तर तो म्हणेल, बाबांना काम आहे. वर्ग गेला की मी डोंबिवलीला." मी म्हटलं, काका, मुलाला सरळ सांगा ना, मला राहायचंय म्हणून. ते माझ्याकडे असे बघू लागले जणू मी भर समुद्रात आकडा अंदाजाने लिहायला सांगितला होता. "मागून घेतलेल्या जागेत मी राहत नाही," ते म्हणाले. डोंबिवलीत त्यांचं कोणी उरलं नव्हतं हे मला माहीत होतं.

कार्यक्रमात आखात दाखवायचं ठरलं. मुलांनी थर्मोकोलचं करू म्हटलं, निळा रंग, मधे खोल खड्डा. काकांनी हात जोडले. आखातांचे सगळे नमुने खोटे असतात, असं त्यांचं मत होतं. रुंदी एका मापाने आणि खोली शंभरपट वाढवून, म्हणजे बघणाऱ्याला 'वा, काय खोल' वाटावं. "दोन्हीकडे एकच माप. बारा मीटर रुंद आखात काढलं तर पाणी किती खोल? करा हिशोब." मुलांनी केला. दीड मिलिमीटरच्याही आत निघालं. ईशाने खिशातून डाइमचं नाणं काढलं आणि आडवं धरलं. "काका, दिस मच? दॅट्स द होल ओशन?"

"एवढंच," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून कोणालाही वाटलं असतं की आखात त्यांनीच खणलंय.

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. काकांनी मला विचारलं, "फरशी सपाट आहे ना? तू इंजिनिअर." मी न बघता म्हटलं, "काका, डेड लेव्हल असते. अमेरिका आहे ही." आता सांगायला लाज वाटते, पण चांगल्यातल्या चांगल्या फरशीतही काही मिलिमीटरचे चढउतार असतात, हे त्याच सेमिस्टरला मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

शंभर-सव्वाशे माणसं जमली होती. मुलांनी निळ्या टेपने किनारा आखला आणि सहा बादल्या पाणी हळूहळू ओतलं. पाणी क्षणभर थांबलं. मग आखात उठलं आणि ईशान्येच्या कोपऱ्याकडून सरळ दाराकडे निघालं, जिथे सगळ्यांनी आपापले बर्फातले बूट काढून ठेवले होते. बायकांनी साड्या उचलल्या, कोणीतरी "अरे, पॉवर कॉर्ड! पॉवर कॉर्ड उचला!" ओरडलं, आणि मग हसणं सुरू झालं ते थांबेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काका माइकपाशी गेले. "आजची दुरुस्ती," ते म्हणाले. "फरशी सपाट आहे असं मी सांगितलं. मोजलं नव्हतं. चूक माझी. आखाताची नाही." लोक आणखी हसले. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. 'चूक माझी आहे' एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. मी बोलले नाही. वैशालीताईंनी पुढच्या रविवारी समितीची बैठक ठेवली, आणि त्यात काय होणार हे सगळ्यांनाच कळलं होतं.

गाडीत काका रागावलेले नव्हते. ते विचारात पडले होते. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "ते आखात तुमच्या फरशीपेक्षा सपाट आहे. हे मला एकतीस वर्षांत सुचलं नाही." त्यांना या गोष्टीचा खरोखर आनंद झाला होता! मला रडू येत होतं आणि हा माणूस आखाताचं कौतुक करत होता.

पुढचे काही दिवस ते सपाट जागा शोधत होते. मला फोन करून विचारायचे, काच कारखान्यात किती सपाट असते, बिलियर्डचं टेबल किती मोठं मिळतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मिनेसोटात राहून, डिसेंबरात, सपाट जागा शोधत होतो आम्ही. बुधवारी ईशाचा मला फोन आला. ती आइस हॉकी खेळायची, गोलकीपर होती. "ताई, काकांना सांग, आय फाउंड इट. इट्स हाफ अ रिंक! मी मेझर केलं. एटी फाइव्ह फीट वाइड, अँड अप टू द रेड लाइन हंड्रेड फीट. तीन साइडला वॉल आहे आणि चौथी ओपन. सेम शेप, ताई! मी पाच वर्षं आखातात उभी आहे, यू नो? राइट ॲट द बॉटम, जिथे नद्या येतात."

मी कागदावर आकडे मांडून बघितले. सहाशेला सातशे. पंचाऐंशीला शंभर. त्या मापाने सर्वांत खोल पाणी होत होतं तीन मिलिमीटर.

त्याच संध्याकाळी मी काकांना आणि ईशाला घेऊन त्या रिंकवर गेले. बर्फ सांभाळणारा माणूस साठीचा, गोरा, एका कानाने कमी ऐकणारा. मी त्याला आखात समजावून सांगायचा प्रयत्न करत होते आणि तो 'नो मॅम, नो मॅम' करत होता. तेवढ्यात काका त्याच्या ऑफिसच्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. भिंतीवर रिंकचा आराखडा होता आणि त्यावर पेन्सिलीने जागोजागी आकडे लिहिलेले. तो माणूस दर आठवड्याला बर्फात ठिकठिकाणी भोक पाडून जाडी मोजायचा आणि तिथे लिहायचा. जुना आकडा खोडलेला नव्हता. त्यावर एक रेघ होती.

काकांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "अगं, हा आपल्यातला आहे." मग त्यांनी खिशातून टाक काढला, आराखड्यावर एका कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट केलं, जो शेजारच्या आकड्यांशी इंचाच्या अष्टमांशाने जुळत नव्हता, आणि भुवया उंचावल्या. तो माणूस उठून आला. त्याने निरखून बघितलं. "वेल, आय'ल बी," तो म्हणाला, ड्रिल घेऊन बर्फावर गेला, आणि परत येऊन त्या आकड्यावर रेघ मारली. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. काकांचं इंग्रजी आणि त्याचा कान, दोन्ही यथातथाच होतं, पण दोघे तासभर बोलत होते. बर्फ गुळगुळीत करायच्या यंत्राच्या पात्याने मधला बर्फ तीन मिलिमीटर तासता येईल, कडेला कमी कमी. मग वरून गरम पाणी. रविवारी सकाळी सातला, पब्लिक स्केटिंगच्या आधी. दहा मिनिटं मिळतील, मग ते गोठणार.

रविवार उजाडला तो उणे चोवीस अंशांत. माझी गाडी सुरूच झाली नाही. मी काकांना फोन केला, आणि काकांनी, आयुष्यात पहिल्यांदा, मुलाला वर जाऊन सांगितलं की मला सोड. मुलाला नवाच्या फ्लाइटने कामासाठी निघायचं होतं, कोट-बूट घालून तयार होता. "वाटेतच आहे, ड्रॉप करतो," असं म्हणाला म्हणे. मी बसने आणि मग मैलभर चालत पोचले तेव्हा तो काकांना आत सोडून निघायच्या बेतात होता. माझं आणि त्याचं तोवर नमस्काराइतकंच बोलणं झालं होतं. चांगला माणूस, पण सतत घड्याळात बघणारा. काकांचा वर्ग त्याने कधी पाहिला नव्हता.

बोलावलेले पालक अर्धेमुर्धे आले होते, कॉफीचे कप धरून, झोपेतून उठवल्याचा राग तोंडावर. वैशालीताई समितीच्या वहीसकट हजर. मी बर्फावर सपाटी बघायची लेव्हल ठेवून चारदा मोजलं. मग सगळ्यांसमोर म्हटलं, "परवा कॅफेटेरियात फरशी सपाट आहे असं काकांना मी सांगितलं होतं. न मोजता. चूक माझी होती, आणि त्या दिवशी मी गप्प बसले." काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण त्यांनी हातातला टाक पुसून खिशात ठेवला, आणि मला ते पुरलं.

यंत्र निघालं. तो गोरा माणूस इतका हळू चालवत होता की चाकं फिरताना मोजता आली असती. मागून गरम पाणी पडत होतं, आणि थंडीत त्यातून वाफ उठली. रिंकच्या मधल्या लाल रेघेच्या अलीकडे, तिन्ही कडांच्या फळ्यांच्या मधे, पाणी पसरत गेलं आणि जिथल्या तिथे थांबलं. कुठेही धावलं नाही. मुलं किनाऱ्यांवर उभी होती, प्रत्येकाला एक किनारा वाटून दिलेला. पाणी दिसतसुद्धा नव्हतं. त्यात वरचे दिवे दिसत होते, त्यावरून कळत होतं की आहे.

"एवढंच?" वैशालीताई म्हणाल्या.

आणि मग मुलं सुटली. कोणी कोणाला बोलायला सांगितलं नव्हतं. मावशी, हे पश्चिमेकडचं, इथे बेटं आहेत. नाही नाही, काकू, तिथून नका येऊ, तिथे मगरी! बर्फयुगात हे सगळं ड्राय होतं, लोक न्यू गिनीहून वॉक करून यायचे, मधे फक्त एक तळं होतं, लाइक मिनेसोटा. चार महिने वारा पाणी आत ढकलतो तेव्हा समुद्र फुगतो. आई, तू ना आत्ता आखाताच्या तोंडात उभी आहेस, सरक. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी, पण सगळं मोठ्यांना उद्देशून, आणि मोठे ऐकत होते. ईशाने आईच्या हाताला धरून तिला मधे नेलं. "इथे बघ. तीन मिलिमीटर. हा सगळ्यात खोल. खोटं नाहीये काही यात, आई. बाकी सगळे मॅप्स खोटं सांगतात."

वैशालीताईंनी वाकून पाण्याला बोट लावून पाहिलं. मग काकांपाशी आल्या. "वर्ग चालू ठेवा, काका. पण महाराजही घ्या हो जरा."

"घेतो. आरमारापासून सुरू करतो. उथळ खाड्यांत चालणारी गलबतं होती त्यांची," काका म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, "पण मी असेन की नाही ते मला विचारू नका. तिकीट मुलाने काढलंय."

मी वळून बघितलं. मुलगा गेला नव्हता. फळीला टेकून, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून, तो यंत्रवाल्या माणसाशेजारी उभा होता. त्या माणसाने काकांकडे मान करून विचारलं, "हू इज दॅट गाय?"

"माय फादर," मुलगा म्हणाला. "ही करेक्टेड द वर्ल्ड्स चार्ट्स फॉर थर्टीवन इयर्स." एकतीस हा आकडा त्याला माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं. काकांना ते ऐकू गेलं. ते एकदम आखाताकडे बघायला लागले, जणू तिथे काही मोजायचं राहिलं होतं.

मुलगा फळीचं दार उघडून पूर्व किनाऱ्यावर आला. "बाबा, इथून पलीकडे जाता येतं?"

"पूर्वी लोक जायचे," काका म्हणाले. "गोठायच्या आत जा. चार मिनिटं आहेत."

तो त्याच्या चकचकीत बुटांनी आखातात उतरला. दोन्ही हात पसरून, पाय घासत, एकदा पडता पडता सावरत तो निघाला. मुलांनी ओरडून त्याला वाट सांगायला सुरुवात केली. मधोमध पोचल्यावर त्याने पायाखाली बघितलं. पाणी बुटाच्या तळव्याच्याही वर आलं नव्हतं. मग तो उरलेलं अंतर चालून गेला, पलीकडच्या फळीला हात लावला आणि तिथून हाक मारली, "बाबा, पोचलो!"

"मोठ्याने बोल!" काका ओरडले. "मधे सहाशे किलोमीटर आहेत!"

सगळे हसले. या वेळच्या हसण्याला मात्र मला लाज वाटली नाही. काका ताठ उभे होते, आणि मी त्यांच्या शेजारी उभी आहे याचा मला इतका अभिमान वाटत होता की मी उगीचच माझी लेव्हल उंच धरली होती.

मुलगा परत आला तेव्हा त्याच्या मागे पाण्यावर पांढरी साय धरायला लागली होती. त्याची फ्लाइट बहुतेक चुकणार होती. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. धाप लागलेली होती.

"बाबा, जानेवारीत नका जाऊ तुम्ही."

काकांनी गोठणाऱ्या आखाताकडे बोट केलं. म्हणाले, "नद्या सगळ्या राहिल्यात अजून. फेब्रुवारीत एकेक घेऊ म्हणतो."